पेरू चिरणारी बाई

सुप्याहून नगरला जाणाऱ्या एसटीत शेजारच्या बाईच्या मांडीवरची मुलगी एकाएकी ताठ झाली आणि हातपाय झटकू लागली. फिट आली की चप्पल हुंगवायची, हे मी लहानपणापासून पाहिलेलं. मी पायातली चप्पल काढून पुढे केली.

"चप्पल घाला पायात, ताई. झटका किती वेळ चालतोय ते घड्याळात बघा," बाई म्हणाली. मुलीला कुशीवर वळवून, तिच्या पाठीवर हात ठेवून ती बसून राहिली. दोन मिनिटांत झटका थांबला.

मग बाई आपणहून बोलू लागली. "पोटुशी असताना मी गिरानात भाजी चिरली म्हनून पोरगी अशी झाली, असं सासू म्हनायची. मी इळीला हातबी लावला नव्हता. पन आठ वर्सं ऐकून ऐकून मलाच वाटाया लागलं, चिरली आसंल. औंदा तपासनी केली. डॉक्टर म्हनले, जनुकात बदल हाय, आपसूक झालेला. पोटात मेंदू घडताना काही पेशी जागेवर पोचल्याच न्हाईत. कुनाची चूक न्हाई."

माझ्या वेळी, गरोदर असताना, मी ग्रहणभर हात बांधून बसले होते.

नगर जवळ आलं तेव्हा मुलगी चांगली जागी होऊन खायला मागू लागली. बाईनं पिशवीतून चाकू काढला आणि निवांत पेरू चिरला.