गाडीच्या दारात साचलेलं पाणी

माझी शाळा चौथीपर्यंत झाली. पण मोटर मला कळते. पंख्यांची वाइंडिंग बापाकडून शिकले, आणि लग्नानंतर सीताबर्डीच्या एका कूलरवाल्याच्या जळलेल्या मोटरी घरी आणून नवी तार भरून देत असे. नवरा ड्रायव्हर. प्रताप नगरात एका ठेकेदाराकडे नोकरीला होता आणि त्याच बंगल्याच्या मागच्या खोलीत आम्ही राहत होतो.

मालकांनी एक जुनी अमेरिकन गाडी घेतली होती. तिच्या काचा बटणावर खालीवर होत. तेव्हा नागपुरात असं कोणी पाहिलं नव्हतं. नवरा कुठेही गाडी उभी करून जमलेल्या लोकांना बटण दाबून दाखवायचा. मी त्याला सांगितलं होतं, हे बंद करा. त्याने ऐकलं नाही.

एका मे महिन्यात मागची डावी काच खाली गेली ती वर येईना. मालकांनी ठरवूनच टाकलं की ड्रायव्हरने खेळून खेळून बिघडवली. एक तारखेपासून दुसरा माणूस बघतो म्हणाले. नोकरी गेली की खोलीही जाणार. सासू अंथरुणावर होती. तिला घेऊन त्या उन्हात जायचं कुठे, हे मला दोन दिवस सुचत नव्हतं.

नवरा दोन मिस्त्र्यांकडे जाऊन आला. एक म्हणाला, सामान परदेशातून येईल. दुसऱ्याने हातच लावला नाही. मग मी म्हटलं, मी बघते.

“कूलर आहे का वं तो?” नवरा म्हणाला.

“मोटर आहे ना आत? मग मले समजते.”

मालक साइटवर गेले होते. दार उघडायची परवानगी मालकीणबाईंनी दिली आणि पोर्चमध्ये खुर्ची टाकून बघत बसल्या. त्यांचं माहेर खापा गावचं. बोलायला मोकळ्या.

आधी नवऱ्याला चारही बटणं दाबायला लावली. तीन काचा हलल्या. बिघडलेल्या काचेला दोन बटणं होती, एक त्याच दारावर आणि एक ड्रायव्हरजवळ. दोन्ही दाबून बघितली, काही नाही. दोन बटणं एकाच दिवशी मरत नाहीत, म्हणजे खोट बटणात नव्हती. दाराला कान लावला. बटण दाबलं की आत बारीक टक व्हायचं आणि पुढे काही नाही. करंट पोचत होता, मोटर फिरत नव्हती.

पेचकस घेऊन दाराचं आतलं आवरण काढलं. त्यामागे काळा डांबरी कागद होता, तो भिजून फुगला होता. कागद फाडून हात आत घातला तर बोटं पाण्यात गेली. गावात नळाला पाणी नाही आणि गाडीच्या दारात तांब्याभर साठलेलं. दाराच्या तळाला पाणी निघून जायला भोकं असतात, ती बुजली होती. सायकलच्या तारेने एक भोक उकरलं तर गाळासोबत बारीक मुळ्यांचा गुंता बाहेर आला. वास घेतला. वाळा.

तो माझ्याच हातचा होता. बाई दर आठवड्याला माहेरी खाप्याला जायच्या. गरम होतं म्हणून त्यांनी मला विचारलं होतं, आणि मी कूलरचा उरलेला वाळा घेऊन खिडकीच्या मापाची ताटी बांधून दिली होती. काच खाली करायची, ताटी लावायची आणि रस्ताभर वरून पाणी मारायचं. घराच्या खिडकीला करतो तेच केलं. घराच्या ताटीचं पाणी जमिनीवर पडतं. गाडीत ते काचेच्या फटीतून दारात उतरतं, हे दोघींपैकी एकीच्याही डोक्यात आलं नाही.

तेव्हा बोलत बसायला वेळ नव्हता. काच उचलणाऱ्या दांड्याला जोरदार स्प्रिंग होती. मोटर सोडवली की तो उसळून बोटं तोडेल असं दिसत होतं, म्हणून दांडा आधी दोरीने करकचून बांधला. मग मोटर काढून उघडली. आत गंज, आणि मोटरला करंट देणारे दोन्ही कार्बन आपल्या खाचेत चिकटलेले. आर्मेचरला, म्हणजे मोटरच्या फिरणाऱ्या भागाला, नाक लावलं. जळलेल्या वाइंडिंगचा वास मला झोपेतही ओळखता येतो. तो नव्हता. तिथेच माझा अर्धा जीव परत आला.

कार्बन मोकळे केले, तांब्याचा भाग बारीक पॉलिश पेपरने घासला, आर्मेचर पाटावर उन्हात ठेवलं. तीन वाजेपर्यंत ते चटका बसेल इतकं तापलं. ग्रीस भरून जोडलं आणि बॅटरीच्या दोन तारा लावल्या. फिरली. तारा उलट लावल्या, उलटी फिरली. नवऱ्याने काच धरली, मी मोटर परत दारात बसवून दोरी सोडली.

काच चढताना मध्ये एकदा अडखळली, मग पूर्ण वर गेली.

“सुधारली म्हण अन् चूप राहाय,” नवरा मला म्हणाला. मला ते पटलं नाही. गप्प राहिलं तर दोष त्याच्यावरच राहणार, आणि पुढे गाडीचं काहीही मोडलं की पुन्हा तोच बाहेर. संध्याकाळी मालक आल्यावर मी समोर जाऊन सांगितलं.

“साहेब, काच यांनी नाही बिघडवली. मी वाळ्याची ताटी बांधून देल्ली होती. त्याचं पाणी दारात उतरलं.”

“गाडीले ताटी? काहून?”

मी उत्तर देण्याआधी बाई बोलल्या. “गरम होते म्हणून. पाणी मीच मारत होती. आता मले बी एक तारखेपासून काढता का?”

मालकांनी गाडीत बसून ती काच पाच-सहा वेळा खालीवर केली, बाहेर लोकांना दाखवावी तशी. मग उतरून नवऱ्याला म्हणाले, सकाळी सातला साइटवर जायचं आहे, टाकी भरून ठेव. एक तारखेच्या दुसऱ्या माणसाचं नावही काढलं नाही. माफी मागितली नाही. आम्हीही त्यासाठी थांबलो नाही.

खोलीत आल्यावर लक्षात आलं की सकाळपासून पोटात काही नाही. पोळ्या होत्या. नवऱ्याने पाच खाल्ल्या. दोन दिवस तो नुसता ताटावर बसून उठत होता.