तलासरीची शेवटची टाकी

दारूशी माझी ओळख कासाच्या सरकारी दवाखान्यात झाली. तिथे मी नर्स होते. पोट फुगलेले, डोळे पिवळे झालेले पुरुष वॉर्डात यायचे. त्यात ट्रकचे ड्रायव्हर असायचे, कारखान्यातले फिटर असायचे, दुकानदार असायचे, एकदा तर एक शाळामास्तर होते. उशाशी स्टुलावर बायको बसलेली असायची. म्हणून लग्न ठरताना मी ह्यांना एकच अट घातली होती, घरात बाटली येणार नाही. ह्यांनी ती कुरकुर न करता पाळली. तसा ह्यांना नादही नव्हता. डहाणू रोडला स्टेशनजवळ ह्यांचं पंप आणि मोटर दुरुस्तीचं दुकान. घोलवड-बोर्डीच्या चिकूवाड्यांमधले पंप तिथे यायचे. दिवसभर तांब्याच्या तारा गुंडाळून झाल्या की ह्यांना फक्त जेवण हवं असायचं, पण ते नीट हवं असायचं. आमटीत आमसूल कमी पडलं तर पहिल्या घासाला कळायचं. भात कुकरचा आहे की पातेल्यातला, ते न विचारता सांगायचे. लग्नानंतर बरीच वर्षं मला ह्या जिभेचा वैतागच होता.

मुलगी पुण्यात नोकरीला लागली आणि एकदा आम्हाला जेवायला घेऊन गेली. आत शिरल्यावर दिसलं की काचेच्या भिंतीमागे स्टीलच्या उंच टाक्या उभ्या आहेत. इथली बिअर इथेच बनते, रोज थोडी थोडी, बाटलीत भरत नाहीत, असं तिने सांगितलं. मी लिंबू सोडा मागवला. ह्यांचं लक्ष मेनूकडे नव्हतंच, ते टाक्यांखालचा पंप बघत होते. त्यांनी वेटरला पंपाबद्दल इतकं विचारलं की तो शेवटी आतून बिअर बनवणाऱ्या मुलीलाच घेऊन आला. तिने ह्यांना सगळं फिरवून दाखवलं आणि लाकडी ट्रेमध्ये छोटे छोटे ग्लास पाठवले, चवीपुरते.

ह्यांनी पहिला ग्लास नाकाशी नेला आणि तसाच धरून ठेवला.

"अगं, ह्याला केळ्याचा वास आहे," हे म्हणाले.

मला वाटलं चेष्टा करताहेत. मुलगी म्हणाली, घेऊन तर बघ आई. मी वास घेतला. पिकलेलं वेलची केळं, आणि त्याच्या मागे लवंग. बिअर बनवणारी म्हणाली की ह्यात केळंही नाही आणि लवंगही नाही, गव्हाच्या बिअरमध्ये यीस्टच तो वास तयार करतं. दारूचा वास म्हणजे माझ्यासाठी उलटी आणि फिनेल. ह्या ग्लासातून आमच्या ओट्यावरचा वास येत होता. मी एक घोट घेतला. घातलेली अट माझी होती, ती मीच बाजूला सारली.

मग आम्हाला छंदच लागला. मुलीकडे गेलो की एखादी नवी जागा शोधायची. मुंबईला काही काम निघालं तर तिथलीही. नियम होते: दोघांनी मिळून एक ट्रे, त्यावर आवडलेल्याचा एकेक ग्लास, आणि संपलं. हे चव घेताना डोळे मिटायचे आणि मग आमच्या स्वयंपाकघरातलं नाव शोधायचे. काळी बिअर म्हणजे तव्यावर करपलेली भाकरीची कड. एका कडू बिअरला ते म्हणाले, पपनसाची साल चावल्यासारखी. आंबट बिअर प्यायल्यावर म्हणाले, हे तर सोलकढीचं शहरात शिकलेलं भावंड. बनवणारे लोक बहुतेक तरुण असायचे आणि आमच्यासारखं गावाकडचं जोडपं आलेलं बघून त्यांना गंमत वाटायची. ते टाकीतून थेट काढून पाजायचे, बिअर ज्याची करतात ते धान्य हातावर ठेवायचे. पन्नाशीच्या पुढे नवरा-बायकोला एकमेकांशी बोलायला नवीन विषय मिळतो, हे मला माहीत नव्हतं. परतीच्या गाडीत आम्ही फक्त चवींबद्दल बोलत असायचो.

घोलवडला राहणाऱ्या माझ्या नणंदेला हे कळलं तेव्हा तिने नाक मुरडलं. ती ह्यांच्याहून मोठी, मी तिला ताई म्हणते. म्हातारपणी कसली थेरं, एवढंच म्हणाली.

त्यानंतर तलासरीजवळ, हायवेपासून थोडं आत, एका पत्र्याच्या शेडमध्ये अशीच छोटी ब्रुअरी सुरू झाली. तरुण जोडपं होतं. ती वलसाडकडची, तो ठाण्याचा. कासाहून ड्युटी सुटल्यावर हे मला मोटरसायकलवर घ्यायला यायचे आणि आम्ही उलट दिशेला, तलासरीला जायचो. आपल्या भागात असं काही होईल, ह्यावर आमचा विश्वासच बसत नव्हता. त्यांचं तिथे बस्तान काही बसलं नाही. येणारं गिऱ्हाईक बहुतेक सीमेपलीकडचं, गुजरातमध्ये बंदी म्हणून इकडे येणारं. त्यांना थंड, कडक आणि स्वस्त हवं असायचं. केळ्याचा वास घेत बसायला कुणाला वेळ नव्हता. ते दोघं मात्र चिकाटीने करत राहिले. तिकडच्या पूर्वेच्या गावांमधून नागली, म्हणजे नाचणी, आणून त्यांनी एक काळपट बिअर बनवली होती, ती ह्यांची सगळ्यात आवडती. त्यांचा पंप बिघडला की हे दुकान बंद करून जायचे.

एकदा चिकूची बिअर करायचं ठरलं. चिकू ताईच्या वाडीतून आले. कशासाठी ते तिला आम्ही सांगितलं नाही. मोठी आशा होती. टाकी उघडली तेव्हा चिकूचा मागमूस नव्हता. सगळी गोडी यीस्टने खाल्ली होती आणि चिकूत गोडीशिवाय फारसं काही नसतं, असं तो ठाण्याचा मुलगा म्हणाला. ह्यांना मात्र त्यात काहीतरी सापडलं. कच्चा चिकू चावल्यावर ओठांना चिकटतो तो तुरटपणा, असं म्हणाले, आणि पूर्ण ग्लास प्यायले. बाकी कुणालाही ती आवडली नाही.

त्याच सुमारास ह्यांनी मला जिभेखाली एक जखम दाखवली. नागलीची बिअर झोंबते, म्हणाले. मी खिडकीपाशी नेऊन तोंड उघडायला लावलं. बघितलं आणि मला कळलं. कळल्याचं चेहऱ्यावर येऊ न देणं ही आमची नोकरीच असते, पण हे मला ओळखून होते.

मुंबईला ऑपरेशन झालं. जिभेचा थोडा भाग काढला. मग मानेला रेडिएशन. तोंड आतून सोलवटलं, लाळ आटली. पाणी सुद्धा गिळताना डोळ्यांत पाणी यायचं. एक दिवस मी मऊ भाताची पेज पाजत होते, तर हे म्हणाले की कोमट कागद खाल्ल्यासारखं लागतंय. पुढच्या आठवड्यात कागदासारखंही लागेना. डॉक्टर म्हणाले, चव परत येते, कुणाची थोडी, कुणाची बरीच, सांगता येत नाही.

ताई भेटायला आली. ह्यांच्याकडे बघून बाहेरच्या खोलीत आली आणि मला म्हणाली, "तुझ्या देखत पीत होता ना तो? आणि तू नर्स."

तरुणपणी ह्यांनी तंबाखू खाल्ली होती, मुलगी झाल्यावर सोडली होती. हे तिलाही माहीत होतं. मी डॉक्टरांना एकटीच गाठून विचारलं, तंबाखूमुळे की बिअरमुळे? त्यांनी सांगितलं की दोन्हींचा हात असू शकतो, पण एका माणसाच्या बाबतीत बोट दाखवता येत नाही, मागे जाऊन शोधू नका. वॉर्डात नातेवाइकांना मीही हेच सांगत आले होते. ते ऐकून त्यांना काय वाटत असेल ते मला तेव्हा समजलं. मी मागे जाऊन शोधतेच. अजूनही.

रेडिएशन संपून काही महिने झाले होते तेव्हा तलासरीहून फोन आला. ती दोघं शेड बंद करत होती. शेवटची एक टाकी उरली होती, नागलीचीच. काका-काकींनी यावं, असं त्यांचं म्हणणं होतं. मी नाही म्हणणार होते, पण ह्यांनी फोन मागून घेतला आणि येतो म्हणून सांगितलं. दारूचा थेंबही घ्यायचा नाही हे डॉक्टरांनी बजावलेलं होतं, आणि घेऊन उपयोगही नव्हता.

दुपार होती. शेडमध्ये आमच्याशिवाय कुणी नव्हतं. खुर्च्या एकावर एक रचून ठेवल्या होत्या, काही टाक्या आधीच कुणीतरी नेल्या होत्या आणि त्यांच्या पायांचे गोल डाग फरशीवर राहिले होते. वलसाडच्या मुलीने एक ग्लास भरून टेबलावर ठेवला. कुणापुढे ठेवावा ते तिला कळेना, म्हणून मधोमध ठेवला. ह्यांनी तो माझ्याकडे सरकवला.

"तू पी," हे म्हणाले. ऑपरेशननंतर बोलणं बोबडं झालं होतं. "आणि मला सांग."

मी घोट घेतला. छान आहे, मी म्हणाले.

"नीट सांग."

मग मी सांगायला लागले. आधी भाजल्याचा वास. कशाच्या, त्यांनी विचारलं. भाकरीच्या, पण करपलेल्या नाही, नुसते डाग पडलेल्या. मग? मग थोडा गूळ, जुना, काळा. जिभेवर कुठे लागतो? बाजूंना. आणि कडू? कडू शेवटी, घशाखाली उतरताना, चहाचा चोथा असतो तसं. ते डोळे मिटून ऐकत होते, मध्ये मध्ये मान हलवत होते. मला वाटलं, जमतंय. मी आठवून आठवून शब्द शोधत होते, त्यांचेच शब्द वापरत होते. ग्लास संपेपर्यंत त्यांनी प्रश्न विचारले. समोरची मुलगी आत निघून गेली, बहुधा रडायला.

निघताना तो ठाण्याचा मुलगा ह्यांच्या पाया पडला. आता नाशिकला नोकरी बघतो, म्हणाला.

मोटरसायकल आता मी चालवायचे. चारोटीच्या अलीकडे एका टपरीपाशी ह्यांनी थांबायला सांगितलं, पाणी प्यायचं होतं. तोंड सारखं कोरडं पडायचं. बाटलीतून दोन घोट घेऊन ते ट्रककडे बघत उभे राहिले. मी म्हटलं, आपण परत असं करू या, पुण्याला जाऊ, मी पिऊन सांगत जाईन.

"नको," हे म्हणाले. मग ट्रककडे बघतच म्हणाले, "तू सांगत होतीस ना, तेव्हा मला तुझा राग येत होता. फार राग येत होता."

मी विचारलं, मग विचारत का होता?

त्यांनी बाटलीचं झाकण लावलं आणि मागे बसले. घरी येईपर्यंत त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला नाही, मागचं हँडल धरून बसले.

त्यानंतर आम्ही कुठे गेलो नाही. मुलगी विचारायची, मग तिने विचारणं सोडलं. मीही कधी बिअर घेतली नाही. शपथ वगैरे नाही, इच्छाच होत नाही. ताई येते, सगळं पूर्वीसारखं बोलते, पण पूर्वी जाताना मला बाजूला घेऊन काही सांगायची, तसं सांगण्यासारखं आता तिच्याकडे नसतं, माझ्याकडेही.

ह्यांच्या तपासण्या चांगल्या येतात. लोक म्हणतात, सुटलात. हे मान हलवतात. दुकानात जातात, पंप दुरुस्त करतात. चव अगदी थोडी आली आहे, खारट कळतं, तेही कधीकधी. पण आमटीला आता नावं ठेवत नाहीत. मी एकदा मुद्दाम आमसूल घातलंच नाही, तर गुपचूप जेवून उठले. भूक लागत नाही, म्हणून घड्याळ बघून पानावर बसतात. प्रत्येक घासाला पाणी लागतं, त्यामुळे फार वेळ जातो. माझं जेवण केव्हाच संपत येतं. मी शेवटचा घास ताटात ठेवून, त्यांचं होईपर्यंत त्यांच्यासमोर बसून राहते.