तिसऱ्यापासून लावा

विलास गेल्याचा फोन आला तेव्हा मी घाऊक बाजारात भेंडीच्या खोक्यांवरून भांडत होतो. त्याची बायको, सुनीतावहिनी, एवढंच म्हणाल्या, "भाऊजी, विलास गेला… झोपेतच." समोरच्याने सांगितलेला भाव मी मुकाट्याने मान्य केला. असं माझ्या हातून आधी कधी झालं नव्हतं.

इथे अमेरिकेत, पार्सिपनी गावात माझं किराणा दुकान आहे, शून्यातून उभं केलेलं. विलास नागपूरचा, आयटीतला. आमची ओळख कढीपत्त्याच्या जुडीवरून झाली. तो फुकट मागत होता, मी देत नव्हतो. शेवटी हसून म्हणाला, "यार, भांडतोस छान! रविवारी घरी ये, एक सिरीज दाखवतो."

"मला वेळ नाही."

"वेळ मी वाचवतो ना! पहिले दोन सीझन तोंडी सांगतो, तू डायरेक्ट तिसरा बघ."

सौदा बरा वाटला. विलासचं ठाम मत होतं, की अमेरिकन मालिका पहिल्या सीझनमध्ये ओळख करून देते, दुसऱ्यात लाडीगोडी लावते आणि तिसऱ्यात खरं बोलते. बेसमेंटमधल्या उसवलेल्या खुर्चीत बसून, चिवड्याचे बकाणे भरत तो आधीची कथा सांगायचा. डोंगरातलं एक छोटं गाव, तिथला हार्डवेअरचा दुकानदार. तापट, कुणाची मेहरबानी न घेणारा, दुकानाच्या पाटीवरून अख्ख्या टाउन कौन्सिलशी भांडलेला. मला तो माणूस फार आवडला. आणि तिसऱ्या सीझनच्या चौथ्याच एपिसोडमध्ये तो मेलेला! तासभर नुसता बर्फ पडतो. गावातलं एकेक माणूस त्याच्या दुकानात येतं, एखादा खिळा विकत घेतं आणि न बोलता निघून जातं. मी ढसाढसा रडलो. विलास माझ्याकडेच बघत होता. "अरे, तो तुझा कोण लागतो?"

इथल्या मराठी मंडळाच्या शोकसभेत एक गृहस्थ म्हणाले, "एवढी बुद्धी, पण विलासने ती टीव्हीपुढे वाया घालवली." मी उभा राहिलो. दोघांनी मला हात धरून बसवलं. मी ओरडतो म्हणून मला बोलू दिलं नाही. तो राग अजून गेलेला नाही, आणि जाऊ देणारही नाही.

त्याच तिरीमिरीत मी ते पहिले दोन सीझन बघून काढले. तो दुकानदार त्यात जेमतेम दिसतो. गल्ल्यामागे उभा असतो, एकदा 'गुड मॉर्निंग' म्हणतो. बस्स. पाटी नाही, कौन्सिल नाही, भांडण नाही. दुकानाच्या पाटीवरून इथल्या टाउन कौन्सिलशी भांडलो होतो तो मी! विलासने माझंच आयुष्य उचलून त्या मुक्या माणसाला दिलं होतं. मला फसवणारा अजून जन्माला यायचाय, असं मी छाती ठोकून सांगायचो… आणि हा समोर बसून, चिवडा खात मला फसवत होता.

पण मी सांगतो, मालिका लिहिणाऱ्यांचं चुकलं, विलासचं नाही. त्यांनी ज्याला कधी जगवलंच नाही, त्याच्या मरणाला वजन कुठून येणार? ते विलासने दिलं. याला बुद्धी वाया घालवणं म्हणायचं असेल, तर त्या गृहस्थांनी माझ्या दुकानात येऊन म्हणून दाखवावं.

गेल्या रविवारी वहिनींकडे गेलो. चिवड्याची बशी घेऊन त्या बेसमेंटमध्ये आल्या. "मी कधी बसलेच नाही हो त्याच्याबरोबर. काय बघायचात एवढं? लावा ना, पहिल्यापासून."

"पहिल्यापासून नाही, वहिनी. तिसऱ्यापासून लावा."

"अहो, मग आधीचं कसं कळणार मला?"

मी त्या उसवलेल्या खुर्चीत बसलो, चिवड्याचा बकाणा भरला.

"आधीचं मी सांगतो."