आजीचा हुंकारा

आमच्या चिखलीकडच्या खेड्यांत गोष्ट सांगायची तर समोर हुंकारा देणारं कुणीतरी लागतंच. सांगणारी थांबली की ऐकणाऱ्यानं ‘हाव’ म्हणायचं, मगच गोष्ट पुढं सरकते. हुंकारा बंद पडला की ऐकणारं झोपलं असं समजून सांगणारी तिथंच गोष्ट सोडून उठते. माझ्या आईला तर हुंकाऱ्याशिवाय ऐकताच येत नाही. कीर्तनात देते, टीव्हीवरच्या बातम्यांना देते, मोबाईलवर कंपनीची रेकॉर्ड केलेली बाई बोलू लागली तरी तिलाही देते. मी हायस्कुलात मराठी शिकवतो. चारचौघांत तिचा हा ‘हाव’ मला नकोसा व्हायचा. लाजच वाटायची, दुसरं काय!

माझ्या मुलीला नाटकाचं भारी वेड. ती बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला असताना मी अट घातली, युवक महोत्सवात एकपात्रीला नंबर आला तर पुढं नाट्यशास्त्राला खुशाल जा, नाही आला तर मुकाट्यानं बँकेच्या परीक्षेचा क्लास लाव. ती म्हणाली, “चालते, बाबा.” मग रोज स्वयंपाकघरात आजीला समोर बसवून तालीम सुरू झाली. गोष्टही आजीचीच होती. एक म्हातारी घरात भांडून माहेरी निघते आणि माहेरी आता कुणी उरलंच नाही, हे वाटेत तिच्या ध्यानात येतं. मी पलीकडच्या खोलीत पेपर तपासत ऐकायचो. पोरगी थांबायची, आई ‘हाव’ म्हणायची, पोरगी पुढं जायची. तेव्हा तिचं थांबणं आजीच्या ‘हाव’साठीच असतं, हे मला माहीत नव्हतं असं म्हणायची माझी सोय नाही.

महोत्सव विद्यापीठाच्या जुन्या सभागृहात होता. मी आणि आई खामगावावरून गाड्या बदलत पोचलो. दगडी इमारत, उंच खिडक्या, लांब दांड्यांना लटकलेले पंखे, आणि उठलं की धाडकन मिटणाऱ्या लाकडी खुर्च्या. आईला त्या खुर्चीचा भरवसा वाटेना, म्हणून ती दोन्ही हातांनी कडा धरून बसली. भिंतीवर जुन्या कुलगुरूंच्या तसबिरी ओळीनं लावलेल्या. तिनं त्यांना आधी नमस्कार करून घेतला. आमच्या मागं शहरातल्या कॉलेजची पोरं-पोरी बसली होती, अगदी चकाचक. मी शर्टाची कॉलर सारखी केली.

मुलगी स्टेजवर आली, एकटी, आजीचंच जुनं लुगडं नेसून. “तं ते बाई निघाली,” ती म्हणाली आणि थांबली.

“हाव,” आई म्हणाली. त्या हॉलमध्ये आवाज असा घुमला की बापरे! मागची पोरं हसली. मुलीनं आवाजाच्या रोखानं पाहिलं, हसली आणि पुढं गेली. पुन्हा थांबली, पुन्हा आईचा ‘हाव’. आता बरेच जण हसले, परीक्षकांतल्या एक बाई मान वळवून आमच्याकडं बघू लागल्या. आज आठवून बघतो तर त्या बाई कौतुकानं बघत होत्या. पण मला तेव्हा कसलं दिसतंय! मागं एकदा पुण्याला शिक्षकांच्या प्रशिक्षणात माझ्या तोंडून ‘मले’ निघून गेलं होतं आणि सगळा वर्ग खिदळला होता. तेच हसू मला पुन्हा ऐकू आलं. मी आईचा हात गच्च दाबला आणि दातओठ खात म्हणालो, “चूप बैस ना, माय! हे काय आपलं गाव हाये?”

आई चूप बसली. लुगड्याचा पदर तोंडाला लावून बसली.

मुलगी पुढच्या हुंकाऱ्याच्या जागी थांबली. ती वाट बघत राहिली. मी आईचा हात सोडायला हवा होता, एवढंच करायचं होतं. मी तो तसाच धरून ठेवला. मागून कुणीतरी टाळी वाजवली, “विसरली रे!” असं कुणी बोललं. मग मुलीनं घाई केली. पुढच्या जागा गाळत, धावत-पळत गोष्ट संपवली आणि नमस्कार करायचंही विसरून आत गेली. नंबर आला नाही.

बाहेर पायऱ्यांवर ती आली ती थेट आजीकडं. “आजी, तू मंधातच चूप काऊन झाली वं? मी किती वाट पाह्यली तुही!”

मी तोंड उघडणार, तेवढ्यात आई म्हणाली, “माहा डोया लागला वं बाई. गाडीनं थकली मी.”

“माह्या नाटकात झोपली तू?” मुलगी म्हणाली. तिचे डोळे भरून आले. बॅग उचलून ती पुढं चालायला लागली.

मी आईला म्हणालो, “खोटं काऊन बोलली, माय?”

“तुनं घातली ना अट. वरतून हेही तुह्यापायी झालं समजलं, त बापावरून मन उडन पोरीचं,” ती म्हणाली. “माह्यावर रागावली त रागावू दे, बाबू. म्हातारं माणूस, झोपतेच.”

मुलगी शब्दाची पक्की. आता रोज सकाळी बँकेच्या क्लासला जाते. अट मागं घ्यायची तर कारण सांगावं लागेल, म्हणून मी तीही मागं घेतलेली नाही. आजीशी ती कामापुरतं बोलते. परवा आईनं स्वतःहून विचारलं, “बाई, एखांदी गोष्ट सांग ना.” मुलगी म्हणाली, “कायले? तू झोपतं.” मी तिथंच जेवत होतो. आईनं माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही, मुकाट्यानं माझ्या ताटात आणखी एक भाकर वाढली.