डफावरचा हात

आमच्या भागात परंड्याच्या किल्ल्यावरच्या लढाईचा पोवाडा गायचे, आणि त्याची एक रीत होती. मराठा वीर बुरुजावर एकटा उरला, अंगाची चाळण झाली, की शाहीर थांबायचा आणि बायकांकडं बघून विचारायचा, "कुणाचं लेकरू लांब हाय का, माय?" जिचा मुलगा परमुलखात असेल, तिनं उठून डफावर हात ठेवायचा. मग वीराचं मरण गायचं नाही. त्याला तसाच लढता ठेवून पोवाडा संपायचा.

मला या रीतीचा भारी राग. एवढा वेळ मांडी घालून बसायचं आणि शेवट ऐकायलाच मिळायचा नाही!

निजामाच्या राजवटीचं ते शेवटचं वर्ष. माझा थोरला भाऊ सरहद्द ओलांडून निजामाविरुद्ध लढणाऱ्यांच्या कॅम्पात गेला होता. हे फक्त आईला आणि मला ठाऊक. गावाला सांगितलं होतं, तो इथल्याच वाशी गावी मामाच्या शेतावर आहे. पोरगा पलीकडं गेल्याचं कळलं, की निजामाचे पोलीस घरच्यांना उचलून नेत.

सोनारीच्या जत्रेत भर दुपारी पोवाडा रंगला. पुढच्या सतरंजीवर पोलीस ठाण्याचे अमीनसाहेब बसलेले. शाहीर थांबला, त्यानं विचारलं. कुणीच उठेना. आई मुळात फार हळवी. आदल्या वर्षी भाऊ नुसता कळंबच्या बाजारात मुक्कामाला गेला, तरी ही डफाकडं धावली होती. शेजारणीला ते बरं आठवलं. ती मोठ्यानं म्हणाली, "उठा की वैनी. पोरगं घरी न्हाय न्हवं तुमचं?"

अमीनसाहेबांनी मान वळवली.

"मामाकडं हाय त्ये," आई म्हणाली. "वाशी काय लांब हाय व्हय?" मग शाहिराला म्हणाली, "गा बाबा पुढं. सगळं गा."

त्यानं सगळं गायलं. वीर पडला. त्याच्या आईला निरोप गेला, तिनं हंबरडा फोडला. भोवतीच्या बायका डोळ्यांना पदर लावत होत्या. आईही रडली असती तर कुणाला नवल वाटलं नसतं. पण एकदा सुरुवात झाली की आवरणार नाही, हे तिला माहीत असावं. ती समोर बघत बसली. मला पहिल्यांदाच शेवट ऐकायला मिळत होता आणि तो मला नको होता.

घरी आल्यावर तिनं विचारलं, "खरं सांग, रडले का गं मी?"

"न्हाय."

"मग दार लाव," ती म्हणाली. मी कडी घालेपर्यंतही तिला दम निघाला नाही.