हरवणारी उत्तरं

शेवगावात आमच्या दवाखान्याचं इंटरनेट सांभाळणारा माणूस काही विचारलं की आधी थांबतो, ‘व्हय’ म्हणतो आणि मगच उत्तर देतो. राउटरशी मात्र अखंड पुटपुटत असतो.

परवा एका बाईंच्या छातीत कळा येत होत्या. ईसीजी नगरच्या हृदयतज्ज्ञांना पाठवायचा होता, पण तो जाईना. माझा फोन जाताच हा आला आणि लॅपटॉप घेऊन फरशीवरच बसला.

“मॅडम, आपल्या दोन लाइनी हायेत. एकीत पुढं बिघाड हाय. तरी आपला राउटर कंपनीच्या राउटरला सांगतोय, दवाखान्याकडं याच रस्त्यानं या. मग तिकडनं येणारी उत्तरं वाटेत हरवत्यात, अन् उत्तर आल्याबिगर ईसीजी पुढं जात न्हाई.”

“मग आता?”

“व्हय... त्या लाइनीवर आपला रस्ता सांगायचंच बंद करतो. समदं दुसरीकडनं येईल.”

थोड्याच वेळात ईसीजी गेला. तज्ज्ञांनी सांगितलेलं इंजेक्शन मी दिलं आणि हळूहळू बाईंच्या कळा थांबल्या.

बाहेर आले, तर तो अजून गेला नव्हता, जिन्यात उभा होता. त्याचं काम केव्हाच संपलं होतं.

“बाईंना कसं वाटतंय?”

“बरं वाटतंय.”

तेव्हा कुठे त्यानं हेल्मेट उचललं. मला त्याचे आभार मानायचे होते. म्हणून त्याच्या गाडीपर्यंत सोबत चालत गेले.