पायांची सुट्टी

नव्वदीच्या सुरुवातीला पोलीस भरतीसाठी मी अंबरनाथच्या मैदानावर रोज पहाटे धावायचे. एकही दिवस चुकवायचे नाही. पुढे नडगी इतकी दुखायला लागली, की जिना उतरताना कठडा धरावा लागे. सराव घेणाऱ्या सरांनी पाय दाबून पाहिला.

"आठवडाभर मैदानावर दिसायचं नाही," ते म्हणाले. "पाय बरे होतात ते झोपेत, धावताना नाही."

मी रुसूनच बारवी धरणाजवळच्या पाड्यात मावशीकडे गेले. तिथे भातकापणी उरकली होती. मावशी पडवीत चटई टाकायची, माझ्या पायांखाली पेंढ्याचा भारा सरकवायची आणि मी दुपारभर पडून राहायचे. पेंढ्याला उन्हाचा वास यायचा. झाडांमागे धरणाचं पाणी चमकायचं. डोळे मिटले की मी त्या पाण्यावरून धावत असायचे आणि पाऊल कुठेच टेकायचं नाही.

"झोपेत पाय हलवत होतीस," चहा देताना मावशी एकदा म्हणाली.

"दुखत नव्हते गं."

"मग उद्या पण झोप."

सुरुवातीला दिवस वाया जातायत असं वाटलं होतं. नंतर तो विचारच आला नाही.

परतल्यावर सरांनी एकच फेरी मारायला सांगितली. धुक्यात समोरचा गोलपोस्टही दिसत नव्हता. मी सावकाश धावले. नडगी गप्प होती. फेरी संपली तरी मी थांबले नाही आणि सरांनीही अडवलं नाही. त्याच वर्षी मी भरती झाले.